सतराचा पडदा

४ जून

ही वही मला उरलेली म्हणून मिळाली. आज सभागृहात खुर्च्या लावायला मला पाठवलं होतं. सुट्टीत आठ आठवडे हृदयाचं संशोधन शिकायला कॉलेजची पाच पोरं येणार होती. आली चार. पाचव्याला म्हणे घरच्यांनी सोडलं नाही. मोठ्या मॅडमनी प्रत्येकाच्या हातात जाड पुठ्ठ्याची वही दिली आणि सांगितलं, "रोज तारीख घालायची. जे केलं ते लिहायचं, जे चुकलं ते आधी लिहायचं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर वरून एक रेघ मारा, पण खालचं वाचता आलं पाहिजे."

पाचवी वही टेबलावर तशीच पडून होती. मी खुर्च्या आवरताना बहुतेक तिच्याकडेच बघत असणार, कारण मॅडम म्हणाल्या, "हवीय? घ्या. पण कोरी ठेवायची नाही."

म्हणून लिहितोय. शाळेत सातवीपर्यंत होतो, त्यातला निम्मा वेळ वर्गाबाहेर. अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे.

मी या संस्थेच्या तळमजल्यावर काचखोलीत कामाला आहे. वरच्या तीन मजल्यांवरून बीकर, फ्लास्क, नळ्या घाण होऊन येतात, आम्ही धुऊन वाळवून परत पाठवतो. आम्ही म्हणजे मी आणि काचखोलीचे काका. काका इथे सव्वीस वर्षं आहेत, मी पाच महिने. पाच महिने हा माझा विक्रम आहे. याआधी टायरच्या दुकानात होतो, मग गोदामात, मग छापखान्यात. आई फोनवर म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय.

मॅडम भाषणात म्हणाल्या, या कामात जी घरं कधी दिसत नाहीत त्या घरांतली मुलं आम्ही मुद्दाम बोलावली आहेत. काका माझ्या कानात म्हणाले, "म्हणजे आपल्यासारख्या घरांतली."

मी म्हटलं, "मग आपल्याला का नाही बोलावलं?"

"बोलावलंय की लेका. खुर्च्या लावायला."

८ जून

मॅडमचा नियम असा की मशीनला हात लावण्याआधी प्रत्येकानं चार दिवस काचखोलीत काढायचे. चौघांना दोन-दोन करून आमच्याकडे धाडलंय. पहिल्या जोडीत एक लंबूटांग मुलगा आणि एक चष्मेवाली मुलगी. मुलाला वाटतं बुडबुडे आले की भांडं स्वच्छ झालं. काकांनी त्याला तीच नळी पाच वेळा धुवायला लावली.

चष्मेवालीचा हात मात्र तयार. ब्रश आत घालून मनगट कसं फिरवायचं हे तिला सांगावं लागलं नाही. मी विचारलं, "मॅडम, घरी भांड्यांचं दुकान आहे का?"

"माझी आई दुसऱ्यांच्या घरची भांडी घासते. आणि मॅडम म्हणू नका, मला मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आलं म्हणून."

"मग काय म्हणू?"

"तुमच्यापेक्षा लहान आहे मी. काहीही म्हणा."

मी ताई म्हणतो. वहीत चष्मा लिहीन, पटकन लिहून होतं. ती मला दादा म्हणते.

तिला मी काचखोलीची खरी विद्या शिकवली. ट्रेमध्ये एखादा फ्लास्क काठाला टवका गेलेला निघाला तर बोंबाबोंब करायची नाही. गुपचूप काढायचा, मागच्या कपाटातला चांगला त्याच्या जागी ठेवायचा, ट्रे वर पाठवायचा. कुणाला बोलणी बसत नाहीत, कुणाचं काम अडत नाही. ती म्हणाली, "आणि टवका कशानं गेला ते कोण शोधतं?" मी म्हटलं, "कशाला शोधायचं? भांडं बदललं ना."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं वहीत लिहून घेणारं पहिलंच माणूस.

१३ जून

आज ट्रे घेऊन तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. जिन्यात बसून घेतलं. सकाळी चहाशिवाय काही पोटात नव्हतं, त्यामुळेच. बसल्या बसल्या छातीत कबुतर फडफडल्यासारखं झालं, ते नेहमीचंच.

चष्म्याचं काम ठरलं. ज्यांना बरीच वर्षं रक्तदाब आहे त्यांच्या हृदयाच्या भिंती जाड होतात का, ते ती मोजणार. त्यासाठी रोगीही लागतात आणि काहीच नसलेली माणसंही लागतात. काहीच नसलेल्यांच्या गटाला कंट्रोल म्हणतात. तिला वीस कंट्रोल हवे होते, सतरावा मी. फॉर्मवर सही केली, चार पानं होती, वाचतोय कोण. एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर फक्त १७. नाव कुठेच लिहीत नाहीत, माणसाचं गुपित राहावं म्हणून.

खोलीवर येऊन भट्टीला सांगितलं, मी कंट्रोल आहे. भट्टी माझा खोलीतला जोडीदार, पावाच्या कारखान्यात भट्टीवर असतो. तो म्हणाला, "तुझं तोंड कंट्रोलमध्ये नाही, हृदय काय डोंबलाचं असणार!"

१५ जून

माझा इको झाला. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार चिकट जेल लावतात आणि एक दांडी टेकवून फिरवतात. समोर काळ्या पडद्यावर आपलं हृदय दिसतं. मला वाटलं होतं लाल असेल. राखाडी आहे, आणि सारखं दार उघडझाप करतंय, कुणी आत-बाहेर करत असल्यासारखं. माझ्यासारखंच, एका जागी बसवत नाही त्याला.

दांडी चष्म्याच्या हातात, शेजारी शिकवणारे टेक्निशियन. ते मध्येच फोन घ्यायला बाहेर गेले. ती बोलता बोलता पडद्याजवळ वाकली. म्हणाली, "दादा, श्वास सोडून धरा." मग परत. मग परत.

मी म्हटलं, "ताई, मेलो तर तुमच्या नावावर."

ती हसली नाही. कागद घेऊन घरचं विचारायला लागली. आई आहे, ठीक आहे. धाकटी बहीण पंधराची, शाळेतर्फे पळण्याच्या शर्यतीत जाते, तिच्या पायालाही भिंगरीच, फक्त तिला तिच्याबद्दल बक्षिसं मिळतात. वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. ट्रकमधून पोतं उतरवता उतरवता खाली बसले, उठलेच नाहीत. ऊन लागलं.

"वय किती होतं?"

"छत्तीस."

"उन्हाळा होता?"

मला आठवेना. आता लिहिताना आठवलं, बाबांच्या अंगात त्या दिवशी स्वेटर होता.

१८ जून

आज एक चांगलं काम केलं. पहिल्या मजल्यावर ट्रे ठेवताना सरांचा आवाज ऐकला. सर म्हणजे मॅडमच्या हाताखालचे, पण तसं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते चष्म्याला म्हणत होते, "सतराचा पडदा एवढा जाड? एकोणीस? शक्यच नाही. नीट बघ."

सतरा नंबरची खोली म्हणजे रोग्यांना आधी दहा मिनिटं निवांत बसवतात ती. तिथला पडदा खरंच गोधडीसारखा आहे, दुपारीही दिवा लावावा लागतो. एकोणीस काय ते कळेना. कड्या मोजल्या तर बावीस निघाल्या. तरी मी स्टुलावर चढून पडदा काढला, धुवायला टाकला आणि भांडारातून एक पातळ, पांढरा मागून आणून लावला. खोली कशी उजळून निघाली! कुणाला सांगितलं नाही. उद्या त्यांचं त्यांना कळेल.

१९ जून

कळलं.

चष्म्यानं विचारलं सतरा नंबरचा पडदा कुणी बदलला, रोगी म्हणतायत डोळ्यांवर ऊन येतं. मी छाती पुढे काढून सांगितलं मीच, तुम्हाला जाड वाटत होता ना. ती आधी बघतच राहिली, मग तोंडावर हात ठेवून इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, "अहो दादा, खिडकीचा नाही. हृदयात दोन कप्प्यांच्या मध्ये जी भिंत असते तिला पडदा म्हणतात. आणि सतरा ही खोली नाही, सतरा म्हणजे..."

तिनं जीभ चावली. मी खिशातून चिठ्ठी काढून बघितली. १७.

चिठ्ठी परत खिशात घातली. मग ती म्हणाली हे मी बोलायलाच नको होतं. अकराच्या आत असायला हवा तो एकोणीस मिलिमीटर दिसतोय. पण आकडा अजून पक्का नाही. दांडी तिरकी धरली तर भिंत आहे त्याहून जाड दिसते. सर म्हणतात तिचा काप तिरका गेलाय.

भट्टीला विचारलं तर त्यानं पाव घेऊन दाखवलं. सरळ कापला तर चकती एवढी, सुरी तिरकी धरली तर केवढीतरी मोठी. पाव तोच. म्हणाला, "तुझं काही वाढलेलं नाही. पोरगी सुरी तिरकी धरते." आणि दोन्ही चकत्या खाऊन टाकल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मला भीती वगैरे वाटली नव्हती.

२१ जून

सर सगळ्यांसमोर चष्म्याला बोलले. मी तिथेच ट्रे भरत होतो. बाकीच्या तिघांचे आकडे सरळ रेषेत आलेत, हिचा एकच ठिपका तक्त्याच्या वर टांगलेला. "हात कच्चा आहे तुझा. दोष तुझा नाही, सवयच नाही तुम्हा लोकांना या कामाची." तुम्हा लोकांना म्हटल्यावर तिनं मान खाली घातली नाही, वर केली. "सर, चित्रात मला काप तिरका दिसत नाही." सर म्हणाले, "मग परत तपासू. पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या हातानं. त्यांना पहिला आकडा सांगायचा नाही." आणि तिच्या वहीत त्या पानावर स्वतः लाल पेनानं लिहिलं: काप तिरका.

शेवटच्या आठवड्यात चौघांनी आपलं काम मोठ्या लोकांसमोर मांडायचं आहे. त्यावर मॅडम पत्र देणार, त्या पत्रावर पुढच्या शिक्षणाची दारं उघडणार. हे त्या लंबूटांगानं सांगितलं. चष्मा रोजचा चहासुद्धा विसरली.

आणि हे सगळं माझ्यामुळे. विसातले एकोणीस जण शहाण्यासारखे सरळ रेषेत बसले, मीच एक टवका गेलेला.

चोवीस तारखेला पलीकडच्या इमारतीत जायचंय. फक्त चिठ्ठी दाखवायची.

२४ जून

झालं काम. तिथे मला कुणी ओळखत नाही आणि नाव कुणी विचारत नाही. भट्टीची आज सुट्टी होती. माझ्याच वयाचा, माझ्याच अंगाचा. चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि मी बाहेर फाटकाशी उभा राहिलो.

अर्ध्या तासानं शर्टाची बटणं लावत आला. "गार जेल, बाबा! गुदगुल्या झाल्या. पण बाई म्हणाल्या चित्र काय सुंदर आलंय."

चांगला फ्लास्क ट्रेमध्ये ठेवला. आता चष्म्याला कुणी बोलणार नाही.

२६ जून

सतराचा आकडा नऊ आला. सरांनी आपण होऊन काकांना चहा पाजला म्हणे. मला दिवसभर शीळ वाजवावीशी वाटत होती. संध्याकाळी घरी फोन केला. धाकटी म्हणाली जिल्ह्याच्या शर्यतीत निवड झाली, पण सरावात एकदा चक्कर आली, आईला सांगू नकोस. मी म्हटलं काहीतरी खाऊन जात जा.

२८ जून

हे आधी लिहितो, मॅडमच्या नियमाप्रमाणे. माझं चुकलं.

आज चष्म्यानं दोन्ही वेळची चित्रं शेजारी शेजारी लावली आणि सरांना म्हणाली, "ही दोन हृदयं एका माणसाची नाहीत." झडपांची ठेवण वेगळी, कप्प्याचा आकार वेगळा, कसं कसं ते बोटानं दाखवत होती. सर ऐकून घेत होते, मग एकदम थंड आवाजात म्हणाले, "काप चुकला हे कबूल करण्यापेक्षा माणूसच बदलला म्हणणं सोपं आहे, नाही? की चिठ्ठ्यांचीच अदलाबदल केलीस? तसं असेल तर तुझे वीसच्या वीस आकडे मी मानणार नाही."

ती म्हणाली, "मी चिठ्ठ्या बदललेल्या नाहीत."

"मग कुणी बदलल्या?"

मी दारात ट्रे घेऊन उभा. काचेवर काच वाजायला लागली म्हणून ट्रे खाली ठेवला.

सरांनी सांगितलं, दोन दिवस विचार कर. चूक मान्य करून लिहून दे, नाहीतर मांडणीत तुझं नाव नसेल.

२९ जून

काकांना सगळं सांगितलं. ते नळ चालू ठेवून ऐकत होते, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तोंडात मूग गिळून बस. ती महिन्याभरानं जाणार, तुला इथे राहायचंय. तूच चिठ्ठी बदललीस म्हटल्यावर फाटकाबाहेर काढतील. हीसुद्धा नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवणार?"

"पण काका, ती खरं सांगतेय."

"मग टिकेल ती. खरी माणसं टिकतात."

मी म्हटलं, "तुम्ही किती बघितलीत टिकलेली?"

काकांनी नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बोटावर मोजण्याइतकी. जा, मर."

३० जून

गेलो नाही. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा शिपाई म्हणाला, आत या नाहीतर बाहेर जा, वारा येतोय.

खरं लिहायचं तर नोकरीचं भय अर्धंच होतं. सांगितलं की परत मोजतील. भट्टीचं नऊ गेलं की माझं एकोणीसच उरतं.

वाटेत संस्थेच्या वसतिगृहात चष्म्याच्या खोलीचं दार उघडं होतं. बॅग पलंगावर, अर्धी भरलेली. ती फोनवर आईला सांगत होती, "नाही गं, कुणी काही बोललं नाही. काम लवकर संपलं."

१ जुलै

सांगितलं.

मॅडमच्या टेबलासमोर उभ्याउभ्याच सगळं बोललो, भट्टी, फाटक, टवक्याचे फ्लास्क, सगळं. पडद्याचंही सांगून टाकलं. तिथे त्या जरा खोकल्या. मग विचारलं, "का केलंत असं?"

"तिचा आकडा बिघडत होता माझ्यामुळे."

"आणि दुसरं कारण?"

मला वाटलं होतं फक्त मलाच माहीत आहे. म्हटलं, "वडील छत्तिसाव्या वर्षी गेले. ऊन लागून नाही."

मॅडमनी सरांना बोलावलं, चष्म्याला बोलावलं. ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्ही खोटं केलंत. ते मी लिहून ठेवणार आणि वर कळवणार. त्याचं काय व्हायचं ते होईल. आधी झोपा त्या पलंगावर."

दांडी चष्म्याच्या हातात दिली. मॅडम एका बाजूला, सर दुसऱ्या. ती दांडी सारखी उचलून परत टेकवत होती. मी म्हटलं, "ताई, सुरी सरळ धरा." तिला काही कळलं नाही, पण हात थांबला.

श्वास सोडून धरला. पडद्यावर माझं ते राखाडी दार उघडत होतं, मिटत होतं. सर वाकून बघत राहिले, इतका वेळ की मला श्वास घ्यावा लागला. मग म्हणाले, "काप सरळ आहे."

एकोणीस.

सरांनी तिची वही मागितली. 'काप तिरका' यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी तारीख घालून सही केली. चूक झाली हे तोंडानं म्हणाले नाहीत. तिनंही ओढून वदवून घेतलं नाही. वही घेतली आणि जेल पुसायला मला रुमाल दिला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, मला तुमचा राग आलाय. खूप आलाय. आणि माझं बरोबर निघालं याचा आनंद होतोय, त्याचा त्याहून जास्त राग आलाय."

मी म्हटलं, "दोन्ही लिहून ठेवा."

४ जुलै

हृदयाच्या डॉक्टरांनी बघितलं. भिंत जन्मापासूनच्या दोषामुळे जाड होत जाते, तो रक्तातून येतो, वडिलांकडून आला असणार. गोळी सुरू केली. धावायचं नाही, ओझं नाही, चक्कर आली की लगेच यायचं. छातीतलं कबुतर मोजायला दोन दिवस एक डबी गळ्यात अडकवलीय. भट्टी म्हणतो आता तुला घंटा बांधली.

नोकरी राहिली. एक महिन्याची ताकीद, लेखी. ट्रे वर न्यायचं काम काढलं, आता चिठ्ठ्या लिहून भांड्यांना चिकटवतो. बसून. काका म्हणाले, "तुला बसवायला शेवटी हृदयाचा डॉक्टर लागला."

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांना तपासायलाच हवं. लवकर.

५ जुलै

आईला फोन केला. सोपं करून सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही, सगळं एकदम सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझी आत्याही अशीच गेली होती. नळावर कळशी उचलताना. तेविसाची होती. सगळे म्हणाले अशक्तपणा."

"आई, धाकटीला पळू देऊ नकोस."

"शर्यत दहा दिवसांवर आहे रे."

धाकटीनं फोन ओढून घेतला. "दादा, तुला बरं नाही म्हणून मी का बसू? मला काही झालेलं नाही!"

"मलाही काही झालेलं नव्हतं."

"मी चक्करचं तुला बोलले ते आईला सांगितलंस ना? चुगलखोर!" फोन आपटला.

सांगितलं नव्हतं. त्यानंतर सांगितलं.

१५ जुलै

आज शर्यत होती. आई म्हणाली धाकटी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय, जेवली नाही. गेली नाही पण. बुटांच्या नाड्या मात्र काढून पाण्यात टाकल्यात, म्हणजे बूट कुणाला घालता येऊ नयेत.

२४ जुलै

मांडणी झाली. मी शेवटच्या रांगेत. खुर्च्या दुसऱ्या कुणी लावल्या होत्या, वाकड्या.

चष्म्यानं आधीच सांगितलं होतं, "दादा, तुमचा ठिपका तक्त्यातून काढावा लागला. तुम्ही आता काहीच नसलेल्यांत बसत नाही." एवढं रामायण झालं आणि शेवटी तिचे एकोणीसच कंट्रोल. पण तिनं ते लपवलं नाही. तक्ता दाखवून झाल्यावर म्हणाली, एक माणूस या गटातून कमी झाला, कारण तो निरोगी नव्हता आणि ते त्याला माहीत नव्हतं. मध्ये एका मापनात दुसरीच व्यक्ती आली होती. ते मला चित्रावरून कळलं, पण सिद्ध करता आलं नाही. ते त्या माणसानं केलं.

कुणीतरी मागून विचारलं, अशी गडबड पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल?

ती म्हणाली, "माणसाला चार पानांचा फॉर्म देण्याऐवजी जवळ बसून सांगेन, की तुमचा आकडा खराब नसतो. तो तुमचा असतो."

सर खाली बघून लिहीत होते. मॅडम नाही. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

२७ जुलै

आई आणि धाकटी आल्या. धाकटी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण माझ्या गळ्यात डबी नाही हे बघून तिनं पहिल्यांदा आईकडे बघितलं आणि विचारलं, "बरा झाला का हा?"

चष्म्याची गाडी दुपारची. बॅग काचखोलीत ठेवून ती वर आली. मॅडम म्हणाल्या, "जाण्याआधी हे एक तूच कर. नंतर मी करीन. आकडा एकमेकींना सांगायचा नाही."

मला आत येऊ दिलं नाही. आई आणि मी बाहेरच्या बाकावर. आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, मी कुठे उठून जाईन की काय असं. मी मनात एकच म्हणत होतो, अकराच्या आत, अकराच्या आत. दाराआडून चष्म्याचा आवाज येत होता, "श्वास सोडून धर. शाब्बास." मग मॅडमचा. मग कुणाचाच नाही.

दार उघडलं. दोघींनी दोन घड्या घातलेले कागद माझ्या हातात दिले. मॅडम म्हणाल्या, "आम्हीही बघितलेले नाहीत. तुम्ही उघडा."

मागून धाकटी बाहेर आली, केसांना जेल लागलेलं, तोंड फुगवलेलं. आजची पहिली गोष्ट ती माझ्याशी बोलली. "किती आलं? सांग ना, दादा."

एक कागद उघडला. मग दुसरा. चष्म्याचा सात वळणदार होता, मॅडमचा घाईघाईचा. पण दोन्हीकडे सातच होता.